आयाक्सच्या गावात चौदा दिवस, मे 2019

4 मे, शनिवार

सकाळी स्खिपोलला उतरलो तर दादा आणि आठ वर्षांचा पुतण्या दोघं घ्यायला आलेले, पुतण्याच्या अंगात आयाक्सची, म्हणजे अॅमस्टरडॅमच्या फुटबॉल क्लबची जर्सी, पांढऱ्यावर मधोमध रुंद लाल पट्टा, पाठीवर डी लिख्टचं नाव आणि 4 नंबर. "काका, बुधवारी मॅच आहे." पाया पडणं, कसा आहेस, सगळं नंतर, आधी हे.

खरं तर तिकीट मी जानेवारीतच काढलेलं, ट्युलिप बघायला ये म्हणून वहिनी दोन वर्षं मागं लागलेल्या. तेव्हा आयाक्सची अवस्था अशी की 27 जानेवारीला रॉटरडॅममध्ये फेयनोर्डकडून 6-2 मार खाल्लेला. पण मग 5 मार्च उजाडला, युरोपातल्या क्लबांच्या चॅम्पियन्स लीगमध्ये माद्रिदला जाऊन रेआलला 4-1, तेही घरच्या मैदानावर 1-2 हरल्यानंतर. मग 16 एप्रिलला तुरिनमध्ये युव्हेंटसला 2-1. आपल्याकडे ती मॅच रात्री साडेबाराला सुरू झाली, कोल्हापुरात शिवाजी पेठेतल्या घरात आई झोपलेली म्हणून टीव्हीचा आवाज बंद, आणि 67व्या मिनिटाला डी लिख्टने दोन डिफेंडरच्या मधून उडी घेऊन हेडर मारला तेव्हा बाबा आणि मी तोंडावर हात ठेवून नाचलो. बाबा म्हणले, "एकोणीस वर्षाचं पोरगं आहे रे ते, कॅप्टन आहे." त्यांच्या आवाजात अशी माया मी फक्त शाहू स्टेडियमवर ऐकलीय, आपल्या पेठेतलं पोरगं पहिल्यांदा मैदानात उतरतं तेव्हाची. ट्युलिपचं नाव त्यानंतर घरात कुणी काढलं नाही.

संध्याकाळी दादा म्हणला चल गाव दाखवतो, ट्राम 5 पकडली. बरोबर आठ वाजता ट्राम मधेच थांबली, दार उघडलं नाही, कुणी काही बोललं नाही, सायकलवाले सायकलवरून उतरून उभे. मला कळेना, दादाने फक्त हात दाबला. दोन मिनिटांनी ट्राम हलली तेव्हा सांगितलं, 4 मे म्हणजे युद्धात गेलेल्यांची आठवण, अख्खा देश दोन मिनिटं गप्प होतो. माझ्यासमोर एक पोरगा बसलेला, डोक्यावर आयाक्सची टोपी, ती त्याने काढून मांडीवर ठेवलेली. मला ते फार लागलं आणि पुढच्या दोन आठवड्यांत खूपदा आठवलं.

5 मे, रविवार

आज इथला मुक्तिदिन, गावात गाणी बजावणी, आणि संध्याकाळी सहाला डच कपची फायनल, आयाक्स विरुद्ध विलेम टू, रॉटरडॅमच्या द काइप मैदानात. तिकिटं कुठली मिळायला, घरीच बघितली. पहिल्या हाफच्या शेवटी शेवटी ब्लिंट आणि हुन्टेलारने दोन मिनिटांत दोन गोल घातले आणि तिथेच संपलं, शेवटी 4-0.

या मैदानाचं मला विशेष वाटलं. द काइप म्हणजे फेयनोर्डचं घर, जानेवारीत इथेच ते 6-2 झालं, एका महिन्यात कपच्या सेमीफायनलला पुन्हा इथेच आले आणि फेयनोर्डला 3-0 हरवून गेले, आणि आज कपही इथेच उचलला. म्हणजे ज्या घरात अब्रू गेली त्याच घरात दोनदा जाऊन परत मिळवली.

आणि विलेम टूची गंमत अशी की फ्रेंकी डी योंग त्यांचाच पोरगा. 2015 मध्ये आयाक्सने त्याला एक युरो देऊन घेतला, हो, एक, आणि या जानेवारीत बार्सिलोनाने तो साडेसात कोटी युरोला घ्यायचं पक्कं केलं. म्हणजे सीझन संपला की तो जाणार हे सगळ्यांना माहीत आहे, पुतण्यालाही. तो म्हणतो, "अजून तीन मॅच आहेत फ्रेंकीच्या. फायनल धरून चार." बोटं मोजून सांगतो.

जेवताना (मी आणलेला कांदा-लसूण मसाला वहिनींनी लगेच फोडला, पांढरा रस्सा इथे जमत नाही म्हणून तांबड्यावर भागवलं) दादाने सीझनचा हिशोब मांडला, तो इथे लिहून ठेवतो कारण आमच्याकडे फक्त माद्रिद आणि तुरिनच दिसलं. आयाक्सचा युरोपचा सीझन जुलैमध्ये सुरू झाला, थेट प्रवेश नव्हता, क्वालिफाइंगच्या तीन फेऱ्या, ऑस्ट्रियाचा स्टुर्म ग्राझ, बेल्जियमचा स्टँडर्ड लिएज, मग डायनॅमो कीव्ह. मग ग्रुपमध्ये बायर्न, बेन्फिका, अथेन्सचा एईके. बायर्नशी तिकडे 1-1, इकडे 3-3. आजपर्यंत युरोपात 17 मॅच झाल्या, हरले फक्त एक, रेआलशी घरात. गेल्या मंगळवारी लंडनमध्ये टॉटनहॅमला 1-0 हरवलंय, व्हान द बेकचा गोल. 1997 नंतर पहिल्यांदा सेमीफायनल, आणि फायनलला आता नव्वद मिनिटं उरलीत.

देशानेही हातभार लावला बरं का. लंडनच्या मॅचच्या आधी पोरांना विश्रांती मिळावी म्हणून इथल्या फुटबॉल संघटनेने एप्रिलअखेरची देशातल्या लीगची अख्खी फेरी पुढे ढकलली, म्हणून लीग आता 15 मेला, बुधवारी संपणार. सगळ्या क्लबांच्या तारखा एका क्लबसाठी हलवल्या. आपल्या पेठांमध्ये असं झालं असतं का, मी विचार करत बसलो.

6 मे, सोमवार

दादा ऑफिसला, पुतण्या शाळेत, मी एकटाच बेटोनडॉर्पला गेलो. नावाचा अर्थ काँक्रीटचं गाव, शंभर वर्षांपूर्वी कामगारांसाठी काँक्रीटची घरं बांधली, बुटकी, सपाट छताची, सगळी एकसारखी. तिथल्या आकरस्ट्राटवर योहान क्रायफ वाढला. बापाचं भाजीचं दुकान, तो बारा वर्षांचा असताना बाप गेला, आई आयाक्सच्या मैदानात साफसफाईच्या कामाला लागली. मैदान तिथून पायी काही मिनिटांवर, द मीर.

मैदान म्हणजे होतं. 1996 ला क्लब नव्या स्टेडियमला गेला आणि द मीर पाडलं, आता तिथे घरं आहेत. पण रस्त्यांना नावं दिलीत वेम्बली, अॅनफिल्ड, बर्नाबेऊ अशी, आणि छोट्या पुलांना जुन्या खेळाडूंची. मी एका पुलावर टेकून उभा राहिलो. खाली पाण्यात बदकाची पिल्लं, पलीकडे एक बाई खिडकी पुसत होती, आणि एका अंगणात गोलपोस्टची जाळी फाटलेली, एका कोपऱ्यात सुतळीने बांधलेली, ती गाठ अगदी तशीच जशी आम्ही गांधी मैदानावर बांधायचो, दुहेरी. इतक्या लांब येऊन मला ती गाठ दिसावी. फोटो काढून बाबांना पाठवला. त्यांनी लिहिलं, "गाठ सैल आहे."

7 मे, मंगळवार

दिवसभर पाऊस. रात्री दुसरी सेमीफायनल टीव्हीवर, लिव्हरपूलने बार्सिलोनाला 4-0 हरवलं, पहिली मॅच 0-3 हरलेले असताना. दादा खूश, म्हणला बार्सिलोना गेलं, बरं झालं. वहिनी भांडी आवरता आवरता म्हणल्या, "भावजी, तीन गोलची आघाडी पण पुरत नाही म्हणजे." तेव्हा आम्ही कुणी लक्ष दिलं नाही.

8 मे, बुधवार

हे लिहायला दोन दिवस गेले, तरी सगळं लिहितो.

तिकीट मिळालं नाही. क्लबचं कार्ड लागतं, ज्यांच्याकडे आहे त्यांनाही मिळालं नव्हतं. एका साइटवर दोन दिसली, भाव इतका की दादाचा महिन्याचा किराणा झाला असता, आणि त्याच्या ऑफिसमधल्या एका डच मित्राने अडवलं, म्हणला ती खरी नसतात, दारातून परत पाठवतात, त्यापेक्षा आमच्या कॅफेत या, माझे वडील पण येतात. तो कॅफे द मीरपासून जवळच, लाकडी, बुटका, छत धुराने पिवळं पडलेलं, भिंतीवर 1995 च्या टीमचा फोटो.

वडील म्हणजे अडुसष्ट वर्षांचे आजोबा, उंच, हात मोठे, गळ्यात लोकरीचा मफलर, लाल रंग धुऊन धुऊन गुलाबी झालेला. मी कोल्हापूरचा, आमच्याकडे तालमींच्या टीम असतात, पेठेपेठेची इर्षा असते असं सांगितलं तर त्यांनी खुर्ची माझ्याकडे ओढली. तालीम म्हणजे कुस्तीचा आखाडा आणि तोच फुटबॉल क्लब, हे त्यांना फार आवडलं. विचारलं, "खेळाडू कुठले?" म्हणलं गल्लीतले, जास्त करून. आमच्या गावचा अनिकेत जाधव अंडर-17 वर्ल्ड कपला भारताकडून खेळला हेही सांगितलं. मान डोलवत ऐकत होते.

मॅच सुरू व्हायच्या आधीच पहिली बातमी, वॉर्मअपमध्ये नेरेस दुखावला, त्याच्या जागी डोलबर्ग. कॅफेत एकदम कुजबुज. पण पाचव्या मिनिटाला कॉर्नर आला आणि डी लिख्टने हेडर घातला, मग काय, ग्लास पडले, मला कुणी मिठी मारली ते आजतागायत माहीत नाही. 35व्या मिनिटाला टाडिचने मागे दिलेला बॉल झियेशने डाव्या पायाने न थांबवता कोपऱ्यात घातला. 2-0, दोन्ही मॅच मिळून एकूण 3-0. हाफटाईमला लोक माद्रिदच्या विमानाचे दर बघत होते कारण फायनल माद्रिदला. दादा पण बघत होता. आजोबा मात्र बसूनच. म्हणाले, "समोर बघा किती आपले आहेत." समोर म्हणजे टॉटनहॅममध्ये, व्हर्टोंगन, आल्डरवायरेल्ड, एरिक्सन, सांचेझ, चौघं आयाक्समधून गेलेले.

55व्या मिनिटाला लुकास मोउराने एक घातला. 59व्याला दुसरा, पायांच्या गर्दीत बॉल त्यालाच सापडला, दोन वेळा वळला आणि मारला. आता 2-2, एकूण 3-2 आणि तासाभराचा खेळ झालेला. त्यानंतरची पस्तीस मिनिटं मी कशी काढली ते सांगता येणार नाही. झियेशचा बॉल पोस्टला लागला, तो आवाज टीव्हीतून पण ऐकू आला. दुसऱ्या बाजूला व्हर्टोंगनचा हेडर बारला. पाच मिनिटं वाढीव दिली. लोक उभे, एकमेकांचे खांदे धरून, मीही कुणाचा तरी धरलेला. पाचवं मिनिट संपलं, घड्याळात 95 दिसले, गोलकीपर ओनानाने बॉल लांब मारला, तिकडून लांब परत आला, ल्योरेन्टेच्या अंगावर उडाला, डेली आलीकडे, मग मोउरा, डावा पाय, कोपरा.

3-2. एकूण 3-3, आणि बाहेरच्या मैदानावर त्यांचे गोल जास्त, म्हणून फायनलला टॉटनहॅम.

हातातोंडाशी आलेला घास गेला असं आपण म्हणतो, मी पण कितीदा म्हणलोय, पण त्या रात्री घास घशात होता. मैदानावर पोरं एका वेळी पडली, जणू दोरी कापली, सगळे उताणे किंवा तोंड गवतात. कॅफेत ओरडणं नाही, शिवी नाही. पहिल्या दिवशीच्या ट्रामसारखी शांतता. पुतण्या माझ्या पोटाला चिकटून हमसून हमसून रडला आणि मला त्याला काय सांगावं सुचेना म्हणून मी नुसता पाठीवर हात फिरवत राहिलो, 4 नंबरवर.

आजोबांनी मफलर काढला, घडी केली, खिशात घातला. उठताना मला म्हणाले, "रविवारी अडीच वाजता." मला वाटलं धक्क्याने काहीतरी बोलतायत.

9 मे, गुरुवार

कुणी कुणाशी बोललं नाही. पुतण्या जर्सी न घालता शाळेत गेला. ट्राममध्ये लोक मोबाईलवर तोच गोल परत परत बघत होते आणि बंद करत होते.

बाबांचा फोन आला, त्यांनी पहाटेपर्यंत बघितलं होतं. मॅचबद्दल एक शब्द नाही, विचारलं, "पोरगं जेवलं का?"

10-11 मे

शुक्रवारी काही नाही. संध्याकाळी दादाचा मित्र फोनवर म्हणाला की रविवारी त्याची सीट मी घेऊ, सीझन कार्ड आहे, तो दादाच्या घरी बघेल, "तू एवढ्या लांबून आलायस, वडिलांबरोबर जा." मी नको नको म्हणलो, पण मनापासून नाही. तेव्हा कळलं की "रविवारी अडीच वाजता" म्हणजे काय. लीग अजून संपली नव्हती. आयाक्स आणि आइंडहोव्हनचा पीएसव्ही, दोघांचे पॉइंट सारखेच, गोलफरकावर आयाक्स पुढे, दोन मॅच बाकी, आणि तीन दिवसांपूर्वी गवतात तोंड घालून पडलेल्या त्याच पोरांना परत उतरायचं होतं.

शनिवारी दादा, पुतण्या आणि मी द टूकोम्स्टला गेलो, स्टेडियमच्या शेजारीच क्लबची मैदानं आहेत, नावाचा अर्थ भविष्य. डी लिख्ट नऊ वर्षांचा असताना इथे आला. व्हान द बेक इथला, मझरावी इथला. आम्ही जाळीबाहेर उभे राहून लहान पोरांचा खेळ बघितला, दहा-अकरा वर्षांची असतील. एका पोराने बॉल घेताना मागे बघितलं नाही, कोच ओरडला नाही, खेळ थांबवून त्याच्याजवळ गेला, त्याच्या खांद्याला धरून त्याला वळवलं, डावीकडे, उजवीकडे, मग परत बॉल दिला. पोराने यावेळी बॉल यायच्या आधी दोनदा मान वळवली. पुतण्या जाळीत बोटं अडकवून बघत होता, घरी येताना रस्ता ओलांडताना पण तशीच मान वळवत होता. त्या दिवशी मला फ्रेंकी डी योंग समजला. तो बॉल येण्याआधीच सगळं बघून बसलेला असतो, म्हणून त्याला घाई नसते.

12 मे, रविवार

हा दिवस माझा.

आजोबांबरोबर मेट्रोने गेलो. योहान क्रायफ अरेना, 55 हजारांच्या आसपास माणूस मावतो, बाहेरून एखादं मोठं जहाज उतरल्यासारखं, खालून रस्ताच जातो त्याच्या. क्रायफ 2016 ला गेला, त्यानंतर दोन वर्षांनी त्याचं नाव दिलं. आजोबांना हे स्टेडियम फार आवडत नाही, मन द मीरमध्येच आहे. जिने चढताना हात धरू दिला नाही.

वर चढून जिन्याच्या तोंडाशी आलो आणि एकदम ते हिरवं दिसलं. मी लहानपणी बाबांच्या खांद्यावर बसून शाहू स्टेडियमचं मैदान पहिल्यांदा बघितलं तेव्हा पोटात जे झालं तेच झालं, इथे हिरवळ आणि तिथे लाल माती, एवढाच फरक.

मी घाबरलेलो की लोक येतील का, आले तर टीमला काय म्हणतील. पोरं वॉर्मअपला बाहेर आली आणि अख्खं स्टेडियम उभं राहिलं. टाळ्या, आधी हळू, मग वाढत गेल्या, थांबेचनात. डी लिख्टने हात वर केला. आजोबांनी खिशातून मफलर काढला, बुधवारची घडी तशीच होती, झटकून गळ्यात घातला.

आणि पहिल्याच मिनिटाला उट्रेख्टने गोल घातला! पहिल्या मिनिटाला! माझ्या हातापायातलं बळच गेलं. आजोबांनी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "बरंय, वेळ भरपूर आहे." मग हुन्टेलार, पस्तीस वर्षांचा गडी, त्याने बरोबरी केली, मग व्हान द बेक. हाफटाईमला 2-1. ब्रेडमध्ये घातलेलं क्रोकेट खाल्लं, वरून मोहरीची चटणी, जीभ भाजली.

हाफटाईमलाच त्यांनी मला धुक्याची गोष्ट सांगितली. 7 डिसेंबर 1966, ऑलिम्पिक स्टेडियम, आयाक्स विरुद्ध लिव्हरपूल. हे पंधरा वर्षांचे, बापाबरोबर गेलेले. धुकं इतकं की समोरचा गोलपोस्ट दिसेना. गोल झाला की पलीकडच्या बाजूने आरडाओरडा यायचा आणि इकडचे एकमेकांना विचारायचे कुणी घातला. आयाक्स 5-1 जिंकलं. "पाच गोल झाले, मी एकच बघितला," ते म्हणाले, "पण मी तिथे होतो." त्या दिवसापासून युरोपला आयाक्स कळलं, मग पुढे 1971, 72, 73 सलग तीन युरोपियन कप.

दुसऱ्या हाफमध्ये टाडिचने दोन घातले, 4-1. पण खरी मजा मॅचमध्ये नव्हती, लोकांच्या कानात होती. तिकडे अल्कमारमध्ये त्याच वेळी एझेड आणि पीएसव्हीची मॅच चालू. कुठूनतरी एक आरोळी उठली आणि ती गॅलरीत लाटेसारखी फिरत आमच्यापर्यंत आली, आमच्या पुढच्या बाईने वळून एक बोट दाखवलं, एझेड 1-0. मैदानावर तेव्हा काहीच चाललेलं नव्हतं, थ्रो-इन होता, आणि सगळे नाचत होते. आजोबा म्हणाले, "धुकं." मला कळलं.

पीएसव्ही हरलं. म्हणजे तीन पॉइंटची आघाडी, गोलफरक इतका मोठा की शेवटची मॅच फक्त खेळायची. लोकांनी ते जुनं रेगे गाणं म्हणलं, इथे दर मॅचला म्हणतात, काळजी करू नका सगळं नीट होईल अशा अर्थाचं. मला शब्द येत नव्हते, तरी म्हणलं.

बाहेर पडताना मात्र आजोबा गंभीर. शेवटची मॅच डूटिंखेमला द ग्राफस्खापशी. 2016 ला पण शेवटची मॅच तिथेच होती, तेव्हाही आयाक्स पुढे होतं, 1-1 झाली आणि विजेतेपद पीएसव्हीला गेलं. तारीख विचारली तर म्हणाले 8 मे. बुधवारचीच तारीख. म्हणून ते त्या रात्री दुसरं काही बोलले नाहीत.

13-14 मे

ट्युलिप बघितले. सुंदर आहेत. वहिनींनी शंभरेक फोटो काढले.

15 मे, बुधवार

संध्याकाळी घरी सगळे, आजोबा, त्यांचा मुलगा, शेजारचे सोलापूरचे एक जोडपे, वहिनींनी बटाटेवडे केले. द ग्राफस्खापला लोक सुपर शेतकरी म्हणतात, छोटं मैदान, बारा-तेरा हजार माणसं, प्रेक्षक अगदी रेषेला टेकून, शाहू स्टेडियमसारखंच वाटलं मला.

स्खोनने पहिला घातला आणि लगेच त्यांनी बरोबरी केली, 1-1. खोलीत कुणी वडा उचलेना. तोच आकडा, तेच मैदान. मग हाफटाईमच्या तोंडावर टाग्लियाफिको, आणि दुसऱ्या हाफमध्ये टाडिच दोनदा, 4-1. आयाक्सचे 86 पॉइंट, पीएसव्हीचे 83, आणि लीगमध्ये एकूण 119 गोल. 2014 नंतर पहिलं विजेतेपद, कप आणि लीग दोन्ही एकाच सीझनला 2002 नंतर पहिल्यांदा.

आणि क्लबचं हे 34वं विजेतेपद. हा आकडा इथे कुणी नुसता आकडा म्हणून घेत नाही. अब्देलहक नूरीचा नंबर 34. अॅमस्टरडॅमचाच पोरगा, द टूकोम्स्टमध्ये वाढलेला, फ्रेंकी आणि व्हान द बेकचा जिवाभावाचा मित्र, सगळे म्हणायचे सगळ्यांत जास्त हुनर याच्याकडे. 8 जुलै 2017 ला ऑस्ट्रियात एका सरावाच्या मॅचमध्ये मैदानातच कोसळला, हृदय बंद पडलं, जीव वाचला पण मेंदूला कायमची इजा. वीस वर्षांचा होता. पोरांनी हे विजेतेपद त्याला अर्पण केलं. आजोबांच्या मुलाने हे मला सांगायला सुरुवात केली आणि अर्ध्यातच उठून बाल्कनीत गेला. पुढचं आजोबांनी सांगितलं. "हा पोरगा हसत हसत खेळायचा," म्हणाले.

16 मे, गुरुवार

दादाने सुट्टी टाकली. म्युझियमप्लाइन, एका बाजूला राइक्सम्युझियम, मधे मोठं हिरवं मैदान, लाखभर माणूस असेल. पुतण्या माझ्या खांद्यावर, दोन तास, खांदा अजून दुखतोय. पोरं स्टेजवर आली, हातात कप आणि लीगची ती मोठी गोल ढाल, तिला इथे स्खाल म्हणतात. गेल्या बुधवारी जी तोंडं गवतात होती ती आज उन्हात. डी लिख्ट पुढे आला तेव्हा खांद्यावरून इतक्या जोरात किंकाळी आली की माझा कान बसला.

नूरीचं नाव घेतलं तेव्हा लाखभर लोक एका सुरात त्याचं नाव म्हणत होते. मी पण म्हणलो. शेजारी एक मोरोक्कन बाई, डोक्यावर रुमाल, लहान पोराला कडेवर घेऊन, डोळे पुसत म्हणत होती.

फ्रेंकी स्टेजच्या कडेला उभा राहून लोकांकडे बघत होता, नुसता बघत होता, मान डावीकडून उजवीकडे. पुतण्याने वरून विचारलं, "काका, तो काय बघतोय?" मी म्हणलं सगळं बघून घेतोय. मग त्याने विचारलं की पुढच्या वर्षी डी लिख्ट पण जाणार का, दादाने त्याच्याकडे बघितलं आणि खरं सांगितलं, बहुतेक जाणार. पुतण्या जरा वेळ गप्प. मग म्हणला, "मग 4 नंबर कुणाला?"

17 मे, शुक्रवार

परतीचं विमान. स्खिपोलवर दादाच्या मित्राचा फोन, आजोबांना बोलायचं होतं. काल ते म्युझियमप्लाइनला आले नव्हते, गर्दी झेपत नाही, घरीच टीव्हीवर बघितलं. मला विचारलं, तुमच्या तालमीची पुढची मॅच कधी? म्हणलं आता पावसाळा, मैदानात चिखल, पावसाळा सरला की परत सुरू. त्यांनी विचारलं, नक्की कोणत्या महिन्यात, आणि तिकीट आधी काढावं लागतं का. मी म्हणलं तुम्ही फक्त या, तिकिटाचं बाबा बघतील.